वर्णवचनमीमांसा, अर्थात होटगी जंक्शन आणि आपल्या माणसाची घसरलेली जीभ

एखाद्या पुढाऱ्याने कुणाच्या कातडीच्या रंगावरून काही बोलावे, दुसऱ्या पक्षाने दिवसभर संतापावे, बोलणाऱ्याने संध्याकाळी खेद व्यक्त करावा आणि रात्री त्याच्या पक्षाने समोरच्यांचे असेच एखादे जुने वक्तव्य उकरून काढावे, हा विधी आता सत्यनारायणाइतका ठरीव झाला आहे. तरीही या विषयावर मराठीत शास्त्रशुद्ध ग्रंथ नाही. भरतमुनींनी आठ रस सांगितले, पण ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला’ हे वाक्य कानी पडताच सहृदयाच्या मनात कोणता रस उत्पन्न होतो, याचा निर्णय त्यांनी केला नाही. विद्यापीठांत विषय क्षुल्लक म्हणून नाकारला जातो. प्रस्तुत लेखकाला क्षुल्लक विषयांचीच गोडी असल्याने हे काम त्याच्या वाट्याला आले आहे.

अभ्यासक्षेत्र म्हणून होटगीची निवड करण्यास सबळ कारणे आहेत. होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव, सोलापूरच्या पुढे रेल्वेने पंधराएक किलोमीटर. मुंबईहून चेन्नईकडे निघालेला लोहमार्ग येथे फुटतो. एक वाट दुधनी, गाणगापूर रोड करत कलबुर्गीला जाते, दुसरी इंडी रोड, विजयपूर करत गदगला. येथे माणसे मराठीत भाव विचारतात, कानडीत घासाघीस करतात आणि भांडण हिंदीत मिटवतात. रस्त्यावर सिमेंटचे बल्कर असतात, पलीकडे फताटेवाडीचा वीजप्रकल्प कोळसा खात असतो आणि डोक्यावर सोलापूरचे ऊन असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जाणे ही येथे बातमी नव्हे. वर्ण या द्रव्याचा पुरवठा इतका मुबलक असलेली दुसरी प्रयोगशाळा शोधायला कुठे जायचे?

निरीक्षणासाठी दोन नमुने निवडले. दोघे एकमेकांचे साडू. थोरले साडू रेल्वेत ट्रॅकवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, घराणे पहिल्यापासून पंजाचे. धाकटे साडू सिमेंटच्या बल्करांची भाडी ठरवून देतात, दारावर कमळाचे स्टिकर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे युती कायमची आहे आणि मतभेदांना स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीपलीकडे जाता येत नाही. दोघांच्याही रंगाबद्दल सांगायचे तर शास्त्रीय भाषेत ‘होटगी मानक’ एवढेच म्हणता येईल. लोहमार्गावर काढलेली तीस-पस्तीस वर्षे कुणालाही गोरे ठेवत नाहीत.

पहिला प्रयोग ऑगस्ट २०२३चा. कर्नाटकातले भाजपचे आमदार आणि माजी गृहमंत्री आरग ज्ञानेंद्र हे तीर्थहळ्ळीत वनविषयक प्रश्नावरच्या आंदोलनात बोलत होते. रोख होता वनमंत्री ईश्वर खंड्रे यांच्यावर, जे बीदरकडचे. ज्ञानेंद्र यांच्या म्हणण्याचा आशय असा की त्या भागातल्या लोकांना झाड आणि सावली काय असते ते ठाऊक नाही, उन्हाने करपून गेली आहेत ती माणसे. मग उदाहरणादाखल त्यांनी कलबुर्गीकडचे काँग्रेसचे नेते मल्लिकार्जुन खर्गे यांच्याकडे बोट दाखवले आणि डोक्यावरचे केस हीच काय ती यांची सावली, असे सांगितले.

येथे भूगोलाची थोडी मदत घेऊ. तीर्थहळ्ळी कलबुर्गीच्या दक्षिणेला साडेतीन-चार अक्षांशांवर आहे, म्हणजे विषुववृत्ताला अधिक जवळ. शालेय पुस्तकाप्रमाणे तिथली माणसे अधिक सावळी हवीत. पण त्याच तालुक्यात आगुंबे आहे, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला साडेपाचशेच्या आसपास येतो, तोही यायचे ठरले तर. ज्ञानेंद्र यांचा सिद्धान्त त्यामुळे वंशाचा नसून सावलीचा आहे, असा बचाव शक्य होता. हा बचाव कुणी केला नाही, कारण तो करायला नकाशा उघडावा लागला असता. सोलापूरच्या बाजूने एक दुरुस्ती मात्र नोंदवणे भाग आहे. आमच्याकडे झाडे नाहीत हे दरवेळी दूषण नव्हे. नान्नजच्या अभयारण्यातल्या माळढोकाला उघडा माळच लागतो, तिथे सावली केली तर पक्षी निघून जातो. करपलेल्या मुलुखाला पसंती देणारा निदान एक जीव आहे आणि त्याने आजवर कुणाच्या रंगावर टिप्पणी केलेली नाही.

होटगीपासून कलबुर्गी शंभरेक किलोमीटर. मध्ये डोंगर नाही, जंगल नाही. ज्या उन्हाने खर्गे करपले असे ज्ञानेंद्र यांचे म्हणणे, तेच ऊन सकाळी तिकडून निघून इकडे येते. तेव्हा टीका होटगीलाही लागू होती. टपरीवरचा संवाद पुढीलप्रमाणे टिपला आहे.

“हे काय बोलणं झालं ओ?” थोरले साडू म्हणाले. “उन्हात राहतोय म्हणून करपलेले म्हणायचं? म्हंजे तुमी-आमी बी आलोच की त्याच्यात. ह्यांची मानसिकताच तसली.”

“अवो साडूभाऊ, पूर्ण भाषण ऐका की,” धाकट्यांनी बशी खाली ठेवली. “ते झाडाबद्दल बोलालेत. तुमी अर्धंच उचलालाय.”

ही दोन वाक्ये वाचकांनी जपून ठेवावीत. पुढे लागतील. ज्ञानेंद्र यांनी खेद व्यक्त केला, खर्ग्यांबद्दल आपल्याला आदरच आहे असे सांगितले आणि प्रकरण मिटले. आमदारकी होती तिथेच आहे.

आता या शास्त्रातला सर्वात मोठा ग्रंथकार. ८ मे २०२४ रोजी इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सॅम पित्रोदा यांच्या मुलाखतीतला एक तुकडा देशभर फिरला. भारत किती विविध आहे आणि तरीही कसा एकत्र नांदतो हे सांगताना त्यांनी देशाचे चार भाग पाडले. पूर्वेची माणसे चिन्यांसारखी दिसतात, पश्चिमेची अरबांसारखी, उत्तरेची बहुधा गोऱ्यांसारखी आणि दक्षिणेची आफ्रिकनांसारखी. हेतू कौतुकाचा होता हे मान्य करायला हवे. इतक्या कमी शब्दांत एवढ्या लोकांचे कौतुक करून त्या सगळ्यांना एकाच वेळी दुखावणे, हे मात्र कुणाही येरागबाळ्याचे काम नव्हे. खुद्द पित्रोदांचा जन्म १९४२ साली ओडिशातल्या टिटलागडचा, घराणे गुजराती आणि मुक्काम अमेरिकेत. त्यांच्याच कोष्टकाप्रमाणे ते जन्माने चिनी, वंशाने अरब आणि पत्त्याने गोरे ठरतात. दक्षिणेत एक घर घेतले असते तर चारी धाम झाले असते.

या कोष्टकामुळे अभ्यासकांपुढे जी अडचण उभी राहते तिला आपण ‘होटगी समस्या’ म्हणू. महाराष्ट्र पश्चिमेत मोडतो, म्हणून होटगीकर अरब. पण गाडी कलबुर्गीच्या दिशेने सुटली की दुधनीनंतर कर्नाटक लागते आणि दक्षिण सुरू होते. होटगीहून अरब म्हणून बसलेला प्रवासी तिळाटी, अक्कलकोट रोड, दुधनीपर्यंत अरब राहतो आणि पुढच्या स्टेशनला, खिडकीतून नुसते पाहत बसला तरी, आफ्रिकन होतो. गाणगापूरला दत्ताचे दर्शन घेऊन तो परत फिरला की पुन्हा अरब. पौर्णिमेला तर हे वंशांतर हजारोंच्या संख्येने घडते आणि त्याची नोंद कुठेही होत नाही. तिकीट तेवढे दोन्हीकडचे लागते.

समस्या एवढ्यावर थांबत नाही. होटगी स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येते. पित्रोदांच्या कोष्टकात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण आहे, मध्य नाही. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वंशच नाही, असा निष्कर्ष काढावा लागेल, आणि दादरला संध्याकाळी सहाच्या गाडीत ज्यांनी प्रवेश मिळवला आहे ते तो मान्यही करतील. गदगकडची वाट मात्र दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची आहे. दक्षिण आणि पश्चिम एकाच नावात. ही माणसे आफ्रिकन अरब धरायची की अरबी आफ्रिकन, याचा खुलासा रेल्वे बोर्डाकडेच मागावा लागेल.

त्यातून राजकीय इतिहास आणखी गोंधळ घालतो. १९६७ साली महाजन आयोगाने जो अहवाल दिला त्यात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरमधली बरीच गावे कर्नाटकला, तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, द्यावीत अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी भागावर पुन्हा हक्क सांगितला, तेव्हाही येथे निदर्शने झाली. ती भाषेसाठी आणि भूमीसाठी झाली असे त्या वेळी सगळ्यांना वाटले होते. पित्रोदांनंतर कळते की आपण अजाणता अरब राहण्यासाठीही लढत होतो.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तारीख. सोलापूर लोकसभेचे मतदान ७ मे २०२४ रोजी झाले. पित्रोदांचा तुकडा ८ मेला फिरला. होटगीकरांच्या बोटावरची शाई अजून चकाकत होती आणि संतापण्याचा संपूर्ण कायदेशीर हक्क हाती आला होता, पण त्या संतापाचा बाजारभाव शून्य होता. सोलापूरला येऊन कुणीही सांगितले नाही की तुमचा अपमान झाला आहे. पंतप्रधानांनी त्याच दिवशी आपला संताप वारंगळला व्यक्त केला, जिथे मतदान १३ मेला व्हायचे होते. कातडीच्या रंगावरून दिलेली शिवी देश सहन करणार नाही, असे ते म्हणाले. शिवाय २०२२मध्ये काँग्रेसने द्रौपदी मुर्मू यांना राष्ट्रपतिपदासाठी विरोध का केला, याचे उत्तर आज आपल्याला मिळाले, असेही त्यांनी सांगितले. एका मुलाखतीवरून दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचे कारण सापडणे ही संशोधनातली फार मोठी उडी आहे. प्रस्तुत लेखक तिला नमस्कार करून पुढे जातो.

यावरून एक नियम मांडता येतो. वर्णवचनाने होणारी वेदना वचनाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, ती पुढच्या मतदानापर्यंतच्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात असते. ज्ञानेंद्र बोलले तेव्हा कर्नाटकची विधानसभा निवडणूक नुकतीच, मे २०२३मध्ये, आटोपली होती. म्हणून दुखले थोडे आणि बरे झाले लवकर. हेच उन्हाबद्दलचे वाक्य त्यांनी एप्रिलमध्ये उच्चारले असते तर खर्ग्यांचा कलबुर्गीपासूनचा सगळा रस्ता घोषणांनी भरून गेला असता.

टपरीवर यावेळी बसण्याच्या जागा त्याच होत्या.

“ह्यांची मानसिकताच तसली,” धाकटे साडू म्हणाले. “आपल्याला अरब म्हणालेत. उद्या उंटावर बसवतील.”

“अवो, पूर्ण मुलाखत ऐका की साडूभाऊ. ते एकतेबद्दल बोलालेत,” थोरले म्हणाले. “तुमी अर्धंच उचलालाय.”

जपून ठेवलेली वाक्ये ती हीच. मधल्या नऊ महिन्यांत त्यांनी टेबलाची बाजू तेवढी बदलली होती, शब्द जवळपास तेच राहिले होते. यातून दुसरा नियम निघतो आणि तो या शास्त्राचा पाया आहे. आपला माणूस बोलतो तेव्हा त्याची जीभ घसरते, त्यांचा माणूस बोलतो तेव्हा त्याची मानसिकता उघडी पडते. जीभ घसरायला कारण लागत नाही, चहा गरम असला तरी पुरते. मानसिकतेला मात्र इतिहास लागतो, निदान फाळणीपर्यंतचा. म्हणून आपल्या माणसाचे स्पष्टीकरण दोन ओळींत आटोपते आणि त्यांच्या माणसाचे विश्लेषण वाहिनीवर तीन तास चालते.

नियम दोन्ही अंगांनी तपासून पाहायला हवा होता, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये कर्नाटकने पुन्हा साहाय्य केले. चन्नपट्टणच्या पोटनिवडणुकीत मतदानाच्या तोंडावर काँग्रेसचे मंत्री जमीर अहमद खान यांनी केंद्रीय मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांचा उल्लेख ‘काळा कुमारस्वामी’ असा केला. भाजप आणि जनता दल (सेक्युलर) यांना हा उघड वर्णद्वेष दिसला. जमीर यांचे उत्तर असे की हे प्रेमाचे बोलणे आहे. आम्ही जुने मित्र, मी त्यांना ‘करियण्णा’ म्हणतो, ते मला ‘कुळ्ळ’ म्हणतात, म्हणजे बुटक्या. आदल्या वर्षी करपलेल्या माणसांवरून संतापलेल्या काँग्रेसला या प्रेमाचे वावडे झाले नाही. जमीर मंत्री राहिले आणि काँग्रेसचे सी. पी. योगेश्वर निवडून आले.

स्नेहसिद्धान्ताला होटगीत आधार सापडतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. या पट्ट्यात करिबसप्पा, कऱ्याप्पा, काळप्पा ही घरात कौतुकाने ठेवलेली नावे आहेत. जिल्ह्याचे मुख्य दैवत पंढरपूरला काळ्या पाषाणात उभे आहे आणि त्याच्या रंगाची तक्रार वारकऱ्यांनी कधी केली नाही. लहानपणीच्या मित्राला येथे कुणीही ‘काय बे काळ्या’ म्हणतो आणि मित्र वळून पाहतो. पण ‘काळ्या’ म्हणणारा मित्र सहसा प्रचारसभेच्या व्यासपीठावर चढून, समोर ध्वनिक्षेपक धरून म्हणत नाही, आणि ज्याला म्हणायचे तो त्याच्या उमेदवाराविरुद्ध स्वतःचा मुलगा घेऊन उभा नसतो. चन्नपट्टणला योगेश्वर यांच्यासमोर कुमारस्वामींचे चिरंजीव निखिल उभे होते. प्रेम होते असे मानले तरी ते फार गर्दीच्या जागी उफाळून आले.

थोरल्या साडूंनी स्नेहसिद्धान्त ताबडतोब स्वीकारला. धाकट्यांनी मानसिकता काढली. आता या प्रयोगाची पुनरावृत्ती करण्याची गरज उरलेली नाही, निष्कर्ष स्थिर आहेत.

कालमापनाकडे वळू. पित्रोदांनी ८ मेला पद सोडले आणि २६ जूनला काँग्रेसने त्यांना तेच पद परत दिले. मध्ये ४९ दिवस. एखाद्या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य असावे तसे हे वर्णवचनाचे पूर्णायुष्य मानायला हरकत नाही, कारण तोवर निकाल लागलेले असतात. सोलापूरची जागा प्रणिती शिंदे यांनी ७४ हजारांहून अधिक मतांनी जिंकली, त्यात अरबांची मते किती हे निवडणूक आयोग सांगत नाही.

पण पद परत मिळणे ही साधी अवस्था. याहून वरची अवस्था बढतीची. मार्च २०१५च्या अखेरीस केंद्रीय राज्यमंत्री गिरिराज सिंह यांनी हाजीपूरला विचारले की राजीव गांधींनी एखाद्या नायजेरियन स्त्रीशी लग्न केले असते, ती गोरी नसती, तर काँग्रेसने तिचे नेतृत्व मानले असते का? नायजेरियाच्या उच्चायोगाने नाराजी कळवली, संसदेत गदारोळ झाला, एप्रिलमध्ये खेद व्यक्त झाला. २०१७मध्ये ते स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री आणि २०१९मध्ये कॅबिनेट मंत्री झाले. भाजपचे माजी खासदार तरुण विजय एप्रिल २०१७मध्ये एका परदेशी वाहिनीवर भारत वर्णद्वेषी नाही हे सिद्ध करायला बसले होते. आम्ही वर्णद्वेषी असतो तर सगळ्या दक्षिणेसोबत कसे राहिलो असतो, आमच्याभोवती सगळीकडे काळी माणसे आहेत, असा त्यांचा पुरावा. यातले ‘आम्ही’ कोण, असे पी. चिदंबरम यांनी विचारले, आणि त्या ‘आम्ही’चा पत्ता अजून सापडलेला नाही. तरुण विजय यांनी क्षमा मागितली. पुढे ते राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. जुनी वक्तव्ये जतन करण्याचे खाते योग्य हाती गेले.

ही रीत फक्त आपली, असा न्यूनगंड बाळगू नये. अमेरिकेत डिसेंबर २००२मध्ये रिपब्लिकन सिनेटर ट्रेंट लॉट यांनी स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाला त्यांच्या १९४८च्या उमेदवारीचे गुणगान केले. ती उमेदवारी काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या बाजूची होती. लॉट यांना सिनेटमधले नेतेपद सोडावे लागले. जानेवारी २०१०मध्ये डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी ओबामांच्या उजळ सावळेपणाची आणि त्यांच्या बोलण्याच्या ढंगाची केलेली वाखाणणी उघड झाली, तेव्हा ओबामांनी त्यांना माफ केले आणि नेतेपद राहिले. मग रिपब्लिकनांनी विचारले, आमच्याच माणसाला वेगळा न्याय का? होटगीच्या टपरीवर हा प्रश्न रोज विचारला जातो, फक्त बशीतून. लॉट २००६मध्येच पुन्हा पक्षाच्या नेतृत्वफळीत परतले होते. म्हणजे तिथे ४९ दिवसांऐवजी चार वर्षे लागतात. विकसित देश आहे, कामे सावकाश होतात.

आहारशाखेचा निर्देश थोडक्यात करतो, कारण ती अजून बाल्यावस्थेत आहे. जानेवारी २०२०मध्ये भाजपचे कैलाश विजयवर्गीय यांनी इंदूरमध्ये सांगितले की घरी काम करणारे मजूर नुसते पोहेच खातात हे पाहून आपल्याला ते बांगलादेशी असल्याचा संशय आला. इंदूरमध्ये, पोहे खाण्यावरून. ही कसोटी महाराष्ट्राला लावली तर मुलगी दाखवण्याचा प्रत्येक कार्यक्रम घुसखोरी ठरेल. २०२३च्या डिसेंबरात ते मध्य प्रदेशात मंत्री झाले, म्हणजे बढतीचा नियम आहारालाही लागू आहे. आपल्याकडे जुलै २०२५मध्ये शिंदे सेनेचे आमदार संजय गायकवाड यांनी आमदार निवासातल्या खराब डाळीवरून कॅन्टीनच्या माणसाला मारले आणि नंतर दक्षिण भारतीयांना असली कंत्राटेच देऊ नयेत, त्यांच्या बारनी संस्कृती बिघडवली, असे मत मांडले. डाळ आंबली तर वंश काढायचा, हा विचार साठच्या दशकातल्या लुंगी हटवण्याच्या घोषणेचाच नातू आहे. सोलापुरात ती घोषणा कधी रुजणे शक्य नव्हते. लुंगी हटवली तर पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत सकाळी दूध आणायला कोणी बाहेर पडणार नाही, आणि सोलापूरची चादर विणणारे हात तेच आहेत.

राहता राहिला गोवा. तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे शास्त्राला एक भगदाड पडते. गोव्याचे मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नोव्हेंबर २०१३मध्ये नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली आणि मग माफी मागितली. मार्च २०१५च्या अखेरीस मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना भेटायला गेलेल्या आंदोलक परिचारिकांपैकी एकीने तक्रार केली की साहेबांनी आम्हाला उन्हात उपोषणाला बसू नका, रंग काळवंडेल, चांगला नवरा मिळणार नाही, असा सल्ला दिला. त्याच महिन्यात राज्यसभेत विमा विधेयकाच्या चर्चेत शरद यादव दक्षिणेतल्या स्त्रियांच्या सावळ्या सौंदर्यावर घसरले होते आणि काही सभासद हसले होते. गिरिराज, पार्सेकर, शरद यादव, तिघे तीन आठवड्यांत. वर्णवचनांचा हा सुवर्णकाळ मानावा लागेल. २०१७मध्ये मांद्रेकर आणि पार्सेकर दोघेही निवडणूक हरले, पण त्यांच्या पराभवाच्या कारणांत रंगाचे नाव कुणी घेतले नाही.

भगदाड असे की पार्सेकरांच्या कथित सल्ल्यावर रस्त्यावर ज्यांनी टीका केली, त्यांनीही घरी गेल्यावर मुलीला उन्हातून आत ये म्हणून हाक मारलीच असणार. येथे पक्षभेद संपतो. १९७५पासून विकले जाणारे ‘फेअर अँड लव्हली’ २०२०मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, पण स्टेशनाजवळच्या दुकानात गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने मागते आणि दुकानदार न विचारता नवी नळी देतो. लग्नाच्या बायोडेटात वर्णाच्या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ एवढेच पर्याय आढळतात. होटगी मानकाला रकाना नाही.

थोरल्या साडूंच्या मुलाचे स्थळ पाहण्याच्या बैठकीला प्रस्तुत लेखक निरीक्षक म्हणून हजर होता. मुलगा पुण्यात नोकरीला. कलबुर्गीकडच्या एका मुलीचा फोटो आला होता, बीएस्सी झालेली, बँकेची परीक्षा पास. फोटो हातोहात फिरला. थोरले म्हणाले, “पोरगी चांगलीय. शिकल्याली बी आहे.” धाकटे म्हणाले, “खरंच चांगलीय. फक्त...” आणि दोघेही एकाच जागी थांबले. सर्वपक्षीय सहमतीचा एवढा शुद्ध नमुना संसदेतही दुर्मीळ. आतून अक्कांचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, आवाज आला, “तुमच्या दोघांचं तोंड बघून आमच्या बापानं नाय म्हटलं असतं तर आज कुठं असता?” बैठकीने या सूचनेची नोंद घेतली नाही.

पुढच्या महिन्यात इंडीकडच्या एका स्थळाने मुलाचाच फोटो मागवला. आठ दिवसांनी मध्यस्थ टपरीवर आला, उभ्यानेच चहा घेतला आणि म्हणाला, घर पसंत आहे, नोकरी पसंत आहे, पण मुलगा जरा उन्हातला वाटला त्यांना.

थोरल्या साडूंचा कप टेबलावर आपटला. “काय म्हणतेत? उन्हातला? आन् हे कोण लागून गेलेत, काश्मीरचे?”

धाकटे साडू उठूनच उभे राहिले. “साडूभाऊ, हे सहन नाय करायचं.” मग मध्यस्थाकडे वळून दोघांनीही एकाच श्वासात विचारले, “कुठल्या पार्टीचे ओ ते?”

“जनता दल,” मध्यस्थ म्हणाला. “देवेगौडांचं.”

दोघे खाली बसले. २०१८ साली हा पक्ष काँग्रेसबरोबर सरकारात होता, सप्टेंबर २०२३पासून भाजपबरोबर आहे. थोरल्यांचे म्हणणे पडले की आत्ता ज्याच्याबरोबर आहेत त्याचीच ती मानसिकता धरायची. धाकट्यांनी विचारले की त्यांनी पक्ष कधी धरला, २०१८च्या आधी की नंतर, कारण त्यावर सगळे आहे. मध्यस्थाला हे माहीत नव्हते. त्याने इंडीला फोन लावला, पण तिकडून कोणी उचलला नाही, आणि तोवर कुणी संतापायचे ते ठरत नव्हते.